शटरमागचा माणूस

लिफ्टचं दार बंद होता होता चौथ्या मजल्यावरचे वकील कंपाउंडरकाकांना म्हणाले, "तुमच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. शटरवाले तुम्ही." आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना आधी आनंद झाला. मजलाभरसुद्धा टिकला नसेल, पण झाला. आपल्या पोराचं नाव परक्याच्या तोंडून ऐकल्यावर होतो तसा. शब्द त्यांचा होता. अठरा वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या कोंदट खोलीत, पेनचं टोपण दातात धरून त्यांनी तो घडवला होता, आणि आज तो चक्क लिफ्टमध्ये, गळक्या टाकीच्या आणि पार्किंगच्या गप्पांत येऊन बसला होता. मग त्यांना वकिलांच्या हातातला कागद दिसला आणि आनंद ओसरला. कागद काय होता ते अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. पुलापलीकडच्या लोकांना इथे भाड्याने घर देऊ नये, असं निवेदन. बाईंनी तो परवा वकिलांच्या हातात परत कोंबला होता, तेव्हा वकील नुसते हसले होते. बाई कुठल्या बाजूच्या हे जगजाहीर होतं. काकांनी मात्र सहीही केली नव्हती आणि नाहीही म्हटलं नव्हतं. वाचून सांगतो, वाचून सांगतो करत त्यांनी आठवडा काढला होता. म्हणून ते शटरवाले. तिसऱ्या मजल्यावर काका उतरले, पण लिफ्टच्या दारात हात घालून उभे राहिले. "ताई, तुम्ही शिकलेल्या," ते म्हणाले, "शटरवाला म्हणजे नक्की काय हो? परवा नातही मला तेच म्हणाली. ती त्या पलीकडच्या लोकांच्या बाजूने मोर्चाला जाते. हे वकील त्यांच्याविरुद्ध. आणि दोघांच्याही मते मी शटरवाला." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जन्मभर औषधं बांधलेला माणूस, नव्या गोळीचं नाव विचारावं तसा विचारत होता. काही नाही काका, बोलायची एक पद्धत असते, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाचव्याचं बटण दोनदा दाबलं.

घरात येऊन त्यांनी पर्स खुर्चीवर आपटली. कुणावर चिडायचं हे ठरेना, म्हणून आधी वकिलांवर चिडून झालं. हा माणूस जन्मात एक पुस्तक उघडणार नाही, आणि ज्यांना हाकलायला निघालाय त्यांच्यासाठी घडवलेलं हत्यार खुशाल त्यांच्याविरुद्धच चालवतोय. मग काकांच्या नातीवर. आजोबांना असं म्हणतात? मग आठवलं, की तसं म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं, त्या नातीच्या मास्तरांना आणि मास्तरांच्या मास्तरांना. गप्प बसणारा माणूस निर्दोष नसतो. दंगलीत दगड मारणारे पन्नास असतात, पण शटर ओढून घेणारे पाच हजार असतात, आणि दंगल त्या पाच हजारांच्या जिवावर चालते. वर्गात हे वाक्य बोलताना बाई थांबत असत. पोरं लिहायची थांबून वर बघत. ती शांतता बाईंना फार आवडायची, खोटं कशाला बोला. पगार कुणालाही मिळतो, ती शांतता मिळत नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांना दुसऱ्या कशाचीही एवढी आठवण आली नव्हती. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, आणि एकशे सोळावं पान शोधावं लागलंच नाही, ते आपसूक उघडलं. 'बाहेरून तीनदा शटर वाजलं. आत माणूस होता. शटर उघडलं नाही.' तीन वाक्यं. समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली, इतर भाषांत ती गेली, दोन चर्चासत्रं नुसती त्यांच्यावर झाली. त्यांच्याखाली बावीस पानांचा सिद्धान्त होता, पण तो कोण वाचतो? लोकांनी तीन वाक्यं उचलली, मग तीनमधलं एक, आणि शेवटी तर नुसतं शटरच.

तो माणूस दादा होता, त्यांचा सख्खा थोरला भाऊ. पुलाजवळच्या रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. वडिलांनी थाटलेलं, दारावर आडनाव. एकवीस वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर जमाव आला आणि पुलापलीकडच्या माणसांना हुडकून मारत सुटला, तेव्हा दादाने शटर आतून ओढलं. एका सुताराने, हत्यारांची पिशवी खांद्याला असलेल्या, ते तीनदा बडवलं. दादाने उघडलं नाही. सुतार पायरीवर मेला. हे दादाने बाईंना चार दिवसांनी सांगितलं, वहिनी बाहेर गेलेली बघून. हातातली काच पुसत होता, पुसून झाली तरी पुसत होता. पण त्याने एवढंच सांगितलं नव्हतं. दुकानात एक शिक्षिका होती, पुलापलीकडचीच. नव्या काचा बसवायला आलेली, जुना चष्मा उघडून दादाच्या टेबलावर पडलेला, आणि चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. बाहेर काय चाललंय ते तिला नुसतं ऐकू येत होतं. ती दादाचा सदरा मुठीत धरून उभी होती. शटर वर केलं असतं तर सुतार आत आला असता, आणि त्याच्या मागचे वीस जणही. दादाने हिशेब केला नव्हता, त्याला तेवढा वेळच नव्हता. त्याचा हात उठला नाही, एवढंच तो म्हणाला. "बरोबर केलं की चूक, तूच सांग, छोटे. तू शिकवतेस ना हे सगळं." बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. उत्तर तीन वर्षांनी छापून दिलं.

आणि शिक्षिकेला त्यांनी वगळलं. विसरल्या नव्हत्या. पहिल्या खर्ड्यात ती होती, टेबलावरच्या उघड्या चष्म्यासकट. ती आली की परिच्छेद बिघडायचा. शटर ओढणारा माणूस एकदम कोणीतरी व्हायचा, त्याची दया यायची, वाचणारा म्हणाला असता की मी तरी काय केलं असतं, आणि सिद्धान्त ढिला पडला असता. बाईंना गोष्ट नको होती, उदाहरण हवं होतं. एका दुपारी त्यांनी तिच्यावर उभी रेघ मारली आणि परिच्छेद असा काही सरळ झाला, की त्यांनी उठून स्वतःसाठी कॉफी केली. त्या कॉफीची चव आत्ता त्यांच्या जिभेवर आली आणि त्यांना स्वतःच्या जिभेची किळस वाटली. त्या वेळी मनाला समजावलं होतं की नाव तर दिलं नाही, जागा दिली नाही, हा कुणीही असू शकतो. कुणीही असू शकतो, म्हणूनच तर आता तो कंपाउंडरकाका होता. पलीकडच्यांच्या बाजूचे त्यांना भित्रा मारेकरी समजत होते, अलीकडचे त्यांना आपल्यांशी दगा करणारा समजत होते, आणि ते बिचारे तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुपारची झोप घेत होते. शब्दाला आत कोण आहे हे कळतच नव्हतं. कळायची सोय बाईंनी ठेवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रवक्त्याला फोन लावला. हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. पहिल्या वर्षाला फाटक्या चपलांनी आलेला, आणि पहिल्याच तासाला उभं राहून त्यांच्याशी वाद घालणारा. आता एका पक्षाची बाजू रोज संध्याकाळी टीव्हीवर मांडायचा. शटरवाले हा शब्द पुस्तकातून रस्त्यावर आणला तो त्याने. एका सभेत म्हणाला आणि सभेने उचलला. समोरच्या पक्षाने तो आठ दिवसांत पळवला, त्यांचेही शटरवाले निघाले. बाई फोनवर चिडूनच बोलल्या. म्हणाल्या, थांबव हे. माझ्या जिन्यात लोक एकमेकांना या शब्दाने हाणताहेत. तो माणूस तू समजतोस तसा नव्हता. आणि त्यांनी त्याला शिक्षिकेचं सांगितलं, जे एकवीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी आदबीने म्हणाला, "बाई, तो माणूस खरा कसा होता, याने आता काय फरक पडतो? शब्द लोकांचा झाला. लिहिणाऱ्याचा मालकीहक्क संपतो, हे तुमच्याकडूनच शिकलो." तो टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. खरोखरच त्यांच्याकडून शिकला होता. पहिल्या श्रेणीत पास झाला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या लिहायला बसल्या. आयुष्यात जेव्हा जेव्हा काही चुकलं तेव्हा त्यांनी एकच उपाय केला होता, तळटीप घातली होती. संशोधनात चूक झाली की पुढच्या अंकात खुलासा द्यायचा, खुलासा वाचून लोक आपली मतं दुरुस्त करतात, अशी त्यांची बालंबाल खात्री होती. जग म्हणजे एक मोठं त्रैमासिक आहे, असं चाळीस वर्षं समजून चाललेल्या बाई. त्यांनी वर्तमानपत्राला लेख लिहिला. शटरमागचा माणूस माझा भाऊ आहे, असं पहिल्याच वाक्यात. चष्म्याचं दुकान आहे, हे दुसऱ्यात. मग शिक्षिका, तिची मूठ, सुतार, जमाव. आपण हे वगळलं, ते सोयीसाठी वगळलं, याबद्दल स्वतःला लाथाही घातल्या. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, फार बरं वाटलं. दादाला विचारावं, असं एकदा मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि लेख तर इतका चांगला झाला होता. रविवारच्या पुरवणीत तो आला. लग्नानंतर बाईंनी आडनाव बदललं नव्हतं, तत्त्व म्हणून. लेखाखाली तेच आडनाव होतं जे दुकानाच्या पाटीवर पन्नास वर्षं होतं.

संध्याकाळी टीव्हीवर दोन्ही पक्षांनी त्या लेखाचे लचके तोडले. समोरचा पुढारी म्हणाला, बघा, आपल्या माणसांना शिव्या घालणाऱ्या बाईंच्या घरातच परक्यांना लपवत होते. प्रवक्ता मात्र पुढारी नव्हता, विद्यार्थी होता. त्याने आधी बाईंना वंदन केलं. आमच्या बाई, म्हणाला, त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं की काय सांगितलं जातंय ते नंतर बघा, सांगणारा कुठे उभा आहे ते आधी बघा. आज त्या बहीण म्हणून उभ्या आहेत. अठरा वर्षांनंतर अचानक एक शिक्षिका सापडते, तिचं नाव नाही, पत्ता नाही. मारला गेलेला सुतार मात्र खरा आहे. मी बाईंचा आदर करतो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. बाई टीव्हीसमोर उभ्याच होत्या. त्यांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्यांच्यातली मास्तरीण त्याच्या मांडणीला मान डोलवत होती, हे त्यांना जाणवलं. त्याच्या बोलण्यात कुठेही फट नव्हती. आईशपथ खरं आहे, असं त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या. अशा वाक्याला वर्गात त्यांनी स्वतः काय केलं असतं? हसून दुसऱ्या मुद्द्याकडे वळल्या असत्या. खरं म्हणजे काय, कुणाचं खरं, कुणाच्या फायद्याचं खरं, हे विचारण्यात हयात गेली. विचारायला हवंच होतं, ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांच्यासाठी विचारलं होतं. पण पायरीवर एक माणूस मरतो आणि आत एक बाई सदरा धरून उभी असते, हे नुसतं घडलेलं असतं, त्याला बाजू नसते, हे म्हणायला आता त्यांच्याजवळ शब्दच नव्हते. होते ते त्यांनीच एकेक करून बाद केले होते.

सोमवारी सकाळी दुकानाच्या शटरवर हातभर उंच अक्षरांत लाल रंगाने तो शब्द लिहिलेला होता. त्याच्याखाली दुसऱ्या रंगात, दुसऱ्या हाताने, गद्दार असं लिहिलेलं होतं. दोन्ही बाजू येऊन गेल्या होत्या आणि एकमेकांच्या अक्षरांना धक्का न लावता लिहून गेल्या होत्या, तेवढं त्यांचं जमलं होतं. बाई पोचल्या तेव्हा दादाने शटर वर केलेलं होतं, त्यामुळे शब्द वर गुंडाळले गेले होते, आणि तो नेहमीसारखा दिव्याखाली बसून एका फ्रेमच्या काडीचा स्क्रू पिळत होता. गिऱ्हाईक एकही नव्हतं. वहिनी आतल्या खोलीत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, तेवढाच त्यांचा निरोप. बाई वाटेत पाठ केलेलं सगळं विसरल्या आणि प्रवक्त्यावर घसरल्या. हा पोरगा, याला मी घडवला, याच्या शिष्यवृत्तीसाठी मी कुलगुरूंशी भांडले, आणि ते वकील, आणि ते वर्तमानपत्र, मथळा केवढा दिला त्यांनी. दादा ऐकत राहिला. मग स्क्रू घट्ट करून म्हणाला, "मी वाचलं होतं ते पुस्तक. आलं तेव्हाच. एकशे सोळा पान." अठरा वर्षं त्या समजत होत्या की दादा असली पुस्तकं वाचत नाही. "माझंच आहे ते कळलं मला," तो म्हणाला. "मास्तरीणबाईंचं काही लिहिलं नव्हतंस. मला वाटलं, पुस्तकात जागा नसेल."

बाईंना त्याचाही राग आला. असा राग येणं नीचपणाचं होतं हे कळत असूनही आला. तू तेव्हाच का भांडला नाहीस, माझ्या दारात येऊन पुस्तक का फेकलं नाहीस, अठरा वर्षं माझ्याकडे जेवायला येत राहिलास, माझ्या सत्काराला पुढच्या रांगेत बसलास. जागा नसेल म्हणे. त्याने एक शिवी घातली असती तर त्यांना धरायला काहीतरी मिळालं असतं. त्या बोलणार तेवढ्यात पायरीवर कुणीतरी चढलं आणि दादा उभा राहिला. त्याच्या हातातली फ्रेम खाली पडली. आलेली म्हातारी पुलापलीकडची होती, जाड काचांचा चष्मा, एका हाताने दाराची चौकट धरलेली. बाई तिला ओळखत नव्हत्या, पण दादाचा चेहरा बघून त्यांना कळलं. दादाने मागे कधीतरी सांगितलं होतं की सुताराची बायको दुकानात येते, आधीपासूनच यायची, दर दोन वर्षांनी नंबर काढायला. तिला माहीत नव्हतं. ज्या पायरीवर नवरा गेला ती ओलांडून यायची, पण कुठलं शटर त्याने वाजवलं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं; रस्त्यावर शटरं चाळीस होती. आता सगळ्या शहराला माहीत होतं. म्हातारी काउंटरपाशी आली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, दोन्ही काड्या नीट मिटल्या, काउंटरवर ठेवला आणि वळली. चौकट चाचपत पायरी उतरली. दादा धरायला पुढे झाला तेव्हा ती म्हणाली, "हात नका लावू." तो तिथेच थांबला. "छोटे," तो हळूच म्हणाला, "तिला रस्ता ओलांडता यायचा नाही. तू जा. तुला ती ओळखत नाही."

बाई चष्मा उचलून धावल्या. म्हातारी फुटपाथच्या कडेला उभी होती आणि गाड्यांच्या आवाजाकडे कान लावून होती. बाईंनी तिचा दंड धरला, चला, सोडते, म्हणाल्या, आणि त्या दोघी रस्ता ओलांडू लागल्या. हात हलका होता, कोपराचं हाड लागत होतं. पलीकडे पोचल्यावर म्हातारीने विचारलं, "कोण बाई तुम्ही?" कुणीही नाही, असं म्हणता आलं असतं. त्यांना ते म्हणावंसं फार वाटलं. "मी त्यांची बहीण," बाई म्हणाल्या. "पुस्तक मी लिहिलं ते." त्यांनी वाट बघितली, की आता हा हात झटकला जाईल. म्हातारीने त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या आवाजाकडे, तोंड केलं.

"कुठलं पुस्तक?" ती म्हणाली.

तिला पुस्तकाचं काही ठाऊक नव्हतं. तिला शेजारच्या मुलीने दुकान कुठलं ते सांगितलं होतं, बस. शब्दही तिने ऐकला नव्हता, किंवा ऐकून सोडून दिला होता. बाई समजावून सांगू लागल्या, त्या दिवशी काय झालं त्याबद्दलचं पुस्तक, आणि दोन वाक्यांतच त्यांचं बोलणं अडखळून थांबलं. म्हातारीने त्यांचं मनगट पकडलं. "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत असेल," ती म्हणाली. "मी त्यांना विचारायलाच गेले होते, पण तोंडातून शब्द फुटेना. यांनी शटर वाजवलं तेव्हा काही बोलले का हो? काही हाक मारली? कुणाचं नाव घेतलं?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. बावीस पानं, दोन चर्चासत्रं, चार भाषा. तीनदा शटर वाजलं, हे त्यांनी तीन भागांत तोडून त्याच्यावर काय काय लिहिलं होतं, पहिल्यात विनंती, दुसऱ्यात हक्क, तिसऱ्यात आरोप. तो माणूस बोलला असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दादा तर चार फुटांवर होता. त्याने शब्द न् शब्द ऐकला असेल, एकवीस वर्षं ऐकत असेल.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही."

म्हातारीने मनगट सोडलं. बाईंच्या हातातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि बाईंना पहिल्यांदा नीट न्याहाळलं.

"मग विचारून या," ती म्हणाली. "मी इथेच थांबते."